महाराज रागावतील?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



या वेळी "घरातली लहान मुलं" या विषयावर लिहा असं केंद्रातून सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. कारण खरं लिहायचं तर स्वतःची चूक आधी लिहावी लागणार होती. मग वाटलं, आपल्याच माणसांसमोर लाज कसली.

आमचा नातू चार वर्षांचा आहे. मुलगा-सूनबाई दोघंही सकाळीच नोकरीला जातात, त्यामुळे बालमंदिरातून आल्यापासून संध्याकाळपर्यंत तो माझ्याकडे. जेवायला बसला की एक घास तोंडात, दुसरा जमिनीवर आणि तिसरा मांजराला. एका गुरुवारी घरी आरती होती, मला घाई. देवघराकडे बोट दाखवून म्हटलं, "बघ, महाराज बघताहेत. डोळे वटारलेत त्यांनी. भात टाकलास तर रागावतील." पाच मिनिटांत ताट साफ! मग काय, सोपंच झालं. दूध नको म्हणाला, महाराज रागावतील. टीव्ही बंद करत नाही, महाराज रागावतील. दुपारी झोपत नाही, तेच. दिवसातून आठ-दहा वेळा तरी मी महाराजांना कामाला लावत होते.

महिन्याभराने एका दुपारी देवघरात गेले, तर तसबिरीवर नातवाचा रुमाल टाकलेला. आणि पेल्यातलं दूध तुळशीच्या कुंडीत ओतलेलं. विचारलं तर अगदी शांतपणे म्हणाला, "आता त्यांना दिसत नाही."

आधी हसूच आलं. संध्याकाळी मुलाला सांगितलं, तोही हसला. रात्री मात्र झोप लागेना. ज्या तसबिरीसमोर बसून मी चाळीस वर्षं आपलं सुखदुःख सांगत आले, तिच्यापासून माझ्या नातवाला लपावंसं वाटतंय. आणि हे त्याला बाहेरच्या कोणी नाही, मी शिकवलं.

पोराच्या भल्यासाठी थोडं खोटं बोललं तर बिघडलं कुठे, असं आपण म्हणतो. मीही म्हणत होते. भात पोटात गेला ना? गेला. पण त्याबरोबर आणखी काय पोटात गेलं, हे बघायला हवं होतं.

नामदेवांच्या लहानपणची गोष्ट आपण कीर्तनात कितीदा ऐकली आहे. वडील बाहेरगावी, लहान नामा नैवेद्याचं ताट घेऊन राऊळात गेला, आणि देव जेवत नाही म्हणून हट्ट धरून बसला. भक्तीची गोष्ट आहे, खरंच. पण घरात चार वर्षांचं मूल असलं की तिच्यात आणखीही काही दिसतं. देवाला जेवू घालायचं म्हणजे ताट ठेवायचं, पाणी फिरवायचं आणि ताट उचलून आणायचं, एवढाच मोठ्यांच्या मनातला अर्थ. मुलाने मात्र शब्द जसा आला तसा घेतला. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांशी बोलून-बोलून हेच टिपून ठेवलं आहे, की लहान मुलांना सूर्य, ढग, वारा यांनाही जीव आहे असं वाटतं. खरं कुठे संपतं आणि मनातलं कुठे सुरू होतं, ही रेघ त्या वयात अजून पक्की नसते. म्हणजे मी "डोळे वटारलेत" म्हटलं तेव्हा त्याच्यासाठी ते खरोखर वटारलेले होते. ज्या भाबडेपणाने नाम्याने देवाला जेवायला लावलं, त्याच भाबडेपणाचा मी दांडका केला होता.

"आम्हालाही बागुलबुवा दाखवत होते, आमचं काय वाईट झालं?" असं सत्संगातल्या एका वहिनींनी मला विचारलं. आमच्या बडोद्यात शेजारपाजारच्या गुजराती घरांत तर 'बावो' येतोच. बरोबर आहे, फार काही वाईट झालं नाही. (मी स्वतः अजून रात्री दिवा लावल्याशिवाय मोरीत जात नाही, ते सोडा.) पण बागुलबुवाचं एक बरं असतं. सहा-सात वर्षांचं झालं की मुलाला कळतं, असं कोणी नसतंच, आणि ते हसून त्याला सोडून देतं. महाराजांना आपण बागुलबुवाच्या जागी बसवलं, तर त्या वयात महाराजांचंही तेच होणार नाही का? मग पंधराव्या वर्षी मुलगा आरतीला येत नाही म्हणून आपण मोबाईलला नावं ठेवायची.

शिवाय धाक चालतो तो बघणारा आहे तोवर. रुमाल टाकला की दूध तुळशीत. नको ते दूध "नको" म्हणून सांगायचं, किंवा थोडं तरी प्यायचं, यातलं काहीच तो शिकला नाही. लपवायचं मात्र शिकला.

आपल्या गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून मुलांचं काम हाती घेतलं आणि 1920 मध्ये बालमंदिर काढलं. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. मार नको, भीती नको आणि बक्षिसाची लालूचही नको, असं त्यांचं म्हणणं. आपल्या ताराबाई मोडक राजकोटला प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला अनुताई वाघांबरोबर त्यांनी आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच शाळा नेली; अंगणवाडीची कल्पना तिथलीच. शिकायचं साहित्य काय, तर बिया, पानं, शंख-शिंपले, खडे. तेव्हा बडोद्याच्या फ्लॅटमध्ये बसून "घरी शिकवायला काही नाही हो" असं म्हणायला मला तरी तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "आजी खोटं बोलली. महाराजांनी डोळे वटारले नव्हते. तू भात टाकत होतास म्हणून मीच तसं म्हटलं." थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे ते बघत पण नाहीत?"

बघा आता. एक खोटं मागे घ्यायला गेले तर खऱ्यालाही धक्का लागला. मी म्हटलं, "बघतात, पण तू आवडतोस म्हणून बघतात. आई बालमंदिराच्या फाटकातून बघत उभी राहते ना, तसं." माझी श्रद्धा आहे, मी श्रद्धेनेच बोलले. तरी कालच खोटं बोललेल्या तोंडून ते जरा हलकंच वाटलं.

धाक काढून घेतल्यावर काम वाढतं, हे लपवत नाही. आता पानात आधी दोनच घास वाढते, हवं तर मागतो. टीव्हीला "हे गाणं संपलं की बंद" असं आधी सांगते आणि बटण त्यालाच दाबू देते. कमाटीबागेत "अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी" असं मोजून. निम्म्या वेळा ऐकतो, निम्म्या वेळा भोकाड पसरतो. परवा मी ओरडलेच. पण "मी रागावले" असं म्हटलं, महाराजांना मध्ये आणलं नाही.

आणि सकाळची पूजा दोघं मिळून करतो. फुलं वेगळी करायची, जास्वंद एका वाटीत, झेंडू दुसऱ्या. किती आहेत ते मोजायचं. सातनंतर एकदम दहा येतात, येऊ देत. कापसाच्या वाती वळताना चिमुकली बोटं कशी जोर लावतात! पुढे पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. लोटा भरून आणतो, अर्धा सांडतो, फडकंही स्वतःच आणतो. आणि प्रश्न? देवाला थंडी वाजते का, कालची फुलं कुठे जातात, महाराज लहान होते तेव्हा त्यांना कोण जेवू घालायचं. माझी एकटीची दहा मिनिटांची पूजा, आता पाऊण तास लागतो. आईबापांना सकाळच्या धावपळीत हे जमणार नाही, त्यांना दोष नाही. पण आम्हा आजी-आजोबांना कुठली गाडी पकडायची असते?

जाता जाता एक. आपल्या सत्संगात दोन-दोन तास चिमुरडी बसलेली असतात, आणि मागून कुणीतरी कुजबुजतं, "हात जोड, नाहीतर महाराज..." इंदूरला, बेळगावला तुमच्याकडेही होत असेल. त्यांना मध्येच उठून पळू दे. प्रसादाचे द्रोण वाटायला द्या.

गेल्या गुरुवारी तसबिरीची काच नातवानेच पुसली. तोंड जवळ नेऊन डोळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, मी आज दूध सांडलं. यांना सांगू?" म्हटलं, सांग. काचेला तोंड लावून काहीतरी पुटपुटला. काचेवर वाफ धरली, ती परत पुसत बसला.

जय गुरुदेव. 🙏

एक गुरुभगिनी, बडोदे केंद्र