सुराचे पीठ

ज्वारी जात्यात गेली की पीठ कोणाच्या शेतातले, हे कोणी विचारीत नाही. सुराचे पीठ केले तर मात्र ते विचारावे काय?

असे पीठ खरोखरच होते. ध्वनी हा इवल्या कणांचा बनलेला मानता येतो, असे डेनिस गाबोर या शास्त्रज्ञाने १९४७ साली मांडले. पुढे १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात झेनाकिस या ग्रीक संगीतकाराने जळत्या कोळशाच्या तडतडीचे सेकंदासेकंदाचे तुकडे जुळवून आल्यागेल्यांना ऐकविले. आज संगणक सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे कण हजारोंनी उधळतो. कानाला त्यांतला एकही सुटा कळत नाही.

कोळशाचे देणे कोणाला द्यायचे? पण आमच्या नांदेड जिल्ह्यात, माहूरच्या रेणुकेचा गोंधळी वाकड्या टोकाच्या काठीने संबळ वाजवितो. त्याच्या एका ठोक्याचा असा चुरा केला, तर त्यात ना गोंधळी ओळखू येईल, ना देवी. मग ओळख नाही म्हणून देणेही नाही, असे म्हणणारे भेटतात. युक्तिवाद वकिली आहे. अहो, ओळख पुसली कोणी? आणि कोळसा सोडून संबळच का घेतला? त्या हाताचा नाद हवा होता म्हणूनच ना! तेव्हा त्याचे नाव छापावे, आणि पैसा मिळाला तर बिदागीही पोचवावी.

लातूरच्या गंजगोलाईतला बाजारचा गलका मात्र मला अडवितो. भाजीवाली, हमाल, गिऱ्हाईक, सारे गळे त्यात मिसळलेले. त्याचा चुरा केला, तर बिदागी कोणाच्या हातावर ठेवायची?