सहाशे एक्केचाळीसचा भाग

४,२९,४९,६७,२९७. ही संख्या विषम आहे, शेवटी पाच नाही, अंकांची बेरीज ५९, म्हणजे तीननेही भाग जात नाही. शाळेतल्या सोप्या कसोट्या इथेच दमतात. ती मूळ की संयुक्त, हे अंकांकडे बघून कळायचं नाही. ती घडली कशी ते पाहावं लागतं: २ चा ३२ वा घात आणि त्यात १.

२ च्या १, २, ४, ८, १६ या घातांमध्ये एकेक मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात. पाचही मूळ संख्या. तेव्हा घात असाच दुप्पट करत गेलं तर पुढच्याही मूळच निघणार, असं फर्माला १६४० च्या सुमारास वाटत होतं. त्याच्यासारख्या माणसानेही शितावरून भाताची परीक्षा करावी! गोल्डबाखने १७२९ मध्ये पत्रातून हा प्रश्न ऑयलरपुढे टाकला आणि १७३२ मध्ये उत्तर आलं: लगेच पुढच्या, म्हणजे ३२ व्या घाताच्या आपल्या संख्येला ६४१ ने नि:शेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७.

हा ६४१ सापडला कसा? २, ३, ५ पासून ओळीने भागत निघालं तर ही ११६ वी मूळ संख्या. ऑयलरने पुढे दाखवलं, की या संख्येचा मूळ अवयव असलाच तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते.

खरं तर तो भागाकारही टाळता येतो. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ ने भागताना ६४० म्हणजे उणे १ धरा. त्याचा चौथा घात १. पण तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, आणि ६२५ ची बाकी उणे १६, कारण ६२५ आणि १६ मिळून ६४१ च होतात. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १. त्यात १ मिळवलेल्या आपल्या संख्येची बाकी शून्य.

चार अंकांची उलटसुलट मांडणी करून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणारा, देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा ६१७४ मला मनापासून आवडतो, पण त्याची जादू दशमान लेखनावर उभी आहे. ६४१ चा भाग मात्र कुठल्याही लिपीत, कुठल्याही पायात जातोच. मोठ्या संख्येचा गुण म्हणावा तो असा.

आणि संयुक्त असण्याचा हा गुण अवयव न दाखवताही सिद्ध होतो. याच घराण्यातली, २ चा घात १०,४८,५७६ असलेली संख्या तीन लाखांहून अधिक अंकांची आहे. ती संयुक्त असल्याचं १९८८ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं, तेही तिचा एकही अवयव हाती न लागता.