हातातून सुटलं, म्हणजे सुटलं का?



गुरुपौर्णिमेच्या आधी आम्ही काही जणी इंदूरच्या आपल्या केंद्राची साफसफाई करत होतो. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात एक डबा सापडला. इलेक्ट्रिक पणत्यांचे, जपाच्या काउंटरचे, भिंतीवरच्या घड्याळाचे संपलेले सेल. काहींतून पांढरी भुकटी बाहेर आली होती. निर्माल्य आम्ही जपून वेगळं काढलं. सेल मात्र सरळ सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ओतले.

तेवढ्यात आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "फुलं देवाची म्हणून जपली. मग हे सेल कोणाचे?"

उत्तर सुचेना. "चार सेलनी काय होतंय?" असंही मनात आलं. पण एकेका नामाने माळ पूर्ण होते, हे आपण मानतोच ना? मग एकेका सेलचा हिशेब का नको?

आम्ही हातमोजे घालून पिशवीतून सेल परत वेचायला बसलो. किळस आली. तेव्हा लक्षात आलं, आपण टाकलेलं असंच रोज कोणीतरी वेचत असतं, कित्येकदा उघड्या हातांनी. अल्कलाइन सेलमधून गळणारं क्षार कातडी भाजतं. लिथियमच्या सेलची टोकं धातूला लागली, तर कचऱ्याला आग लागू शकते.

त्याग आणि टाकणं यात हाच फरक असावा. त्यागात आपण आपलं काही सोडतो. टाकण्यात आपला त्रास दुसऱ्याच्या हाती देतो. ते हात आपल्याला दिसत नाहीत, म्हणून दोष लागत नाही असं कसं म्हणावं?

आता आम्ही ठरवलंय ते असं:

🔸 संपलेले सेल कोरड्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवायचे. स्टीलचा डबा नको.
🔸 बटण सेल आणि लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची.
🔸 फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचायची, दाबायची नाही.
🔸 इंदुरात कचरागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथेच सफाईमित्राला सांगून द्यायचे. इतर गावच्या मंडळींनी नगरपालिकेत किंवा ई-कचरा केंद्रात चौकशी करावी. 2022 च्या नियमांप्रमाणे सेल वेगळे देणं हे आपलं कर्तव्य आहे, ते गोळा करून पुनर्वापराला पाठवणं उत्पादकांचं.

आणि आजी-आजोबांनी एक जरूर लक्षात ठेवावं. लहान मुलाने बटण सेल गिळला, तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजू शकतं. उलटी करवू नका, वाट पाहू नका; थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या.

या आठवड्यात घरातला एक खण उघडून बघा. जे सापडेल ते नीट पोचवा. हीही सेवाच आहे.

श्रीगुरुचरणी अर्पण 🙏