चार हात रस्ता

माझ्या भाच्याचं म्हणणं असं: कोल्हापूर-पुणे रस्त्यावर तो ताशी 140ने गाडी चालवतो, वर्षानुवर्षं चालवतोय, आणि आजवर कुणाला खरचटलंही नाही. गाडी नवी, ब्रेक उत्तम, हात बसलेला. "मग आत्या, माझं चालवणं सुरक्षित नाही असं तू कशावरून म्हणतेस?"

त्याने मनापासून विचारलं आहे, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. मी जयसिंगपूरला शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आणि घर दिगंबर जैन. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून भिडतो. आधी धर्माचं उत्तर घेते, कारण ते गणितापेक्षा कडक आहे.

हिंसा कशाला म्हणायचं याचा आपल्या आचार्यांनी फार बारकाईने विचार केला. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसत्या प्राणहानीवर बोट ठेवलं नाही, तिच्या मुळाशी असलेला प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आधी धरला. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात हाच विचार टोकाला नेला. पाहून, जपून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली नकळत एखादा जीव सापडला, तर त्या मरणाचं पाप त्याला लागत नाही. आणि जो न पाहता चालतो त्याच्या पायाखाली काहीच आलं नाही, तरी तो हिंसकच ठरतो.

बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पाठशाळेत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं होतं. कुणी मेलंच नाही, तर हिंसा कसली? पुढे उमगलं की आचार्य कृतीचा हिशेब कृतीच्या क्षणीच करतात. पाऊल टाकताना याला पुढचं दिसत होतं का, आणि जे दिसेल ते टाळायची याची तयारी होती का, एवढंच ते विचारतात. मुंगी तिथे होती की नव्हती हे त्याच्या हातात नव्हतं, मग ती वाचल्याचं श्रेय त्याला कसं द्यायचं? भाचा एखाद्या वळणावरून 140ने गेला आणि वळणापलीकडे रस्ता मोकळा निघाला. तो मोकळा त्याने ठेवला नव्हता.

"आजवर काही झालं नाही" हा पुरावा गणितातही टिकत नाही. अपघात ही एका माणसाच्या आयुष्यात दुर्मीळ गोष्ट आहे. दुर्मीळ गोष्टीचा धोका पाचपट झाला तरी त्या एकट्याच्या वाट्याला ती न येण्याचीच शक्यता मोठी राहते. मात्र लाखो गाड्यांचा वेग वाढला की तो धोका मोजता येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे सरकारी अहवालात कारण अतिवेग असं आहे. पोलीस हे कारण सवयीनेही लिहीत असतील, असं भाचा म्हणतो. असेल. त्यातला काही भाग वजा केला तरी उरतात ती हजारो घरंच.

आता ईर्यासमिती. मुनींच्या पाच समित्या, म्हणजे सावधपणाचे नियम, त्यांतली ही पहिली. दिवसाउजेडी, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत चालायचं. चारच हात का, असा विचार मी बरीच वर्षं करत होते. माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. चार हात म्हणजे जवळपास पावणेदोन मीटर. पुढे काही दिसलं तर त्याच्या हाती जेमतेम दीड सेकंद उरतो, आणि तेवढ्यात पाऊल थांबतं. मोटार त्या काळी नव्हती, पण जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे हा वेगाचा खरा नियम ईर्यासमितीत पुरेपूर आहे.

हाच नियम भाच्याच्या गाडीला लावू. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरू. रस्ता कोरडा आणि टायर चांगले धरू, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदामागे सात मीटरने उतरेल. ताशी 100ने जाणारी गाडी सुमारे 97 मीटरांत उभी राहते. 140ला 166 मीटर लागतात. वेग चाळीस टक्क्यांनी वाढला, थांबायचं अंतर सत्तर टक्क्यांनी, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. मुलांना मी फळ्यावर पुढचं गणित घालत असे: दोन्ही गाड्यांना एकाच जागी धोका दिसला. 100ची गाडी जिथे थांबली, तिथे पोचताना 140च्या गाडीचा वेग किती असेल? वर्गातून तीस, चाळीस अशी उत्तरं यायची. खरं उत्तर 112 आहे. पहिल्या गाडीसमोरचं म्हातारं माणूस घाबरून घरी जातं. दुसरीसमोरचं जात नाही, मग चालवणाऱ्याचा हात कितीही बसलेला असो.

आणि आमच्या भागातला रस्ता कसा असतो? ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो, उसाची मोळी बाहेर आलेली असते. दुभाजकाच्या फटीतून दुचाकी उलट येते. मंद झोतात गाडीच्या दिव्यांचा उजेड पन्नास-साठ मीटर पडतो. वरच्याच हिशेबाने तेवढ्यात थांबायचं तर वेग पासष्ट-सत्तरच्या वर नको. म्हणजे पाटीवरची मर्यादा पाळणाराही रात्री प्रमादी असू शकतो. सुरक्षितपणा पाटीवरच्या आकड्यात नाही हे भाच्याचं म्हणणं मला मान्यच आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष त्याला हवा त्याच्या उलट बाजूचा आहे.

याच रस्त्यांच्या कडेने मुनिसंघ पायी विहार करतात. वाहन वर्ज्य, पादत्राण वर्ज्य. उन्हात डांबर पोळतं म्हणून ते पुष्कळदा कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालतात. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा शोषून घेतो. मी संघाबरोबर चालले आहे. शेजारून भरधाव मोटार गेली की हवेच्या झोताने हातातली मोरपिसांची पिंछी थरथरते आणि म्हाताऱ्या आर्यिकामातांचा तोल जातो. विहारात वाहनाच्या धडकेने साधुसाध्वी गेल्याच्या बातम्या आपल्या समाजात दरवर्षी ऐकू येतात. ज्याने मुंगीसाठी आयुष्यभर जमिनीवर नजर ठेवली तो चार हात पाहून चालणारा माणूस, आणि त्याच्या मागून, थांबायला जवळपास चारशे हात लागतील अशा वेगात आलेला, साठ मीटर पाहणारा दुसरा. मला हे सहन होत नाही, आणि हे मी शांतपणे लिहू शकत नाही.

भाच्याने जर्मनीचा दाखला दिला. तिथल्या ऑटोबानच्या मोठ्या भागावर वेगमर्यादाच नाही. खरं आहे, आणि दाखला विचारात घेण्यासारखा आहे. तिथे पायी माणूस येऊ शकत नाही, ताशी साठहून जास्त वेग घेऊ न शकणाऱ्या वाहनाला प्रवेश नाही. अशा रस्त्यावर कोरड्या हवेत, लांबवर दिसत असताना कुणी 140ने गेला तर त्याला प्रमादी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. वेग म्हणजेच हिंसा, असं मी म्हणतच नाही. पण त्याच देशाच्या वाहतूक नियमांचं तिसरं कलम म्हणतं की दिसणाऱ्या टप्प्यात थांबता येईल इतक्याच वेगाने जावं. ती ईर्यासमितीच झाली! शिवाय तिथे 130 हा शिफारशीचा वेग आहे, आणि 1992 साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं की त्याहून वेगात जाणारा, अपघातात त्याची चूक सिद्ध झाली नाही तरी, भरपाईतल्या वाट्यातून सहसा सुटत नाही. कुंदकुंदांचा विचार कायद्याच्या भाषेत आला तर तो असाच काहीसा दिसेल.

एक पळवाट आपल्या लोकांच्या फार आवडीची आहे. ज्याचं आयुष्य संपलं तो जातो, आपण नुसते निमित्त. जैन घरात तर आयुकर्माचं, म्हणजे आयुष्य ठरवणाऱ्या कर्माचं, नाव घेऊन हे बोललं जातं. असं बोलणाऱ्याने तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचं शेवटचं सूत्र पाहावं. ज्यांचं आयुष्य मध्येच तुटू शकत नाही अशांची यादी तिथे आहे: देव, नारकी, त्याच भवात मोक्षाला जाणारे, असंख्यात वर्षं जगणारे. ट्रॅक्टरवरचा ऊसतोड मजूर त्या यादीत नाही. त्याचं आयुष्य अकाली तुटू शकतं, आणि ते तोडणारा स्वतःच्या मनोभावांचं कर्म स्वतःच बांधतो.

भाच्याचा शेवटचा मुद्दा मात्र रास्त होता. गाडी 60ने चालवली तरी काचेवर किडे मरतात, मग गाडीच चालवू नये का? गृहस्थाला उदरनिर्वाहातली, घरकामातली हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे धर्माने मानलेलं आहे. म्हणूनच श्रावकाला अनर्थदंडव्रत सांगितलं: ज्यात काही प्रयोजन नाही अशी हिंसा तरी सोड. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या स्वतंत्र मोजली आहे. रुग्णवाहिकेच्या वेगाला प्रयोजन आहे, आणि ती भोंगा वाजवून सगळ्यांना सावध करत जाते. भाच्याचं प्रयोजन वेळ वाचवणं. कोल्हापूर ते पुणे साधारण 230 किलोमीटर. कागदावर 100ऐवजी 140ने गेलं तर चाळीस मिनिटं वाचतात. पण मध्ये किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूरचे टोलनाके आहेत, खंबाटकीचा घाट आहे, रुंदीकरणाची वळणं आहेत. माझ्या अंदाजाने वीस मिनिटंही हाती लागत नाहीत. वीस मिनिटांसाठी अनोळखी माणसाचा जीव त्याला न विचारता पणाला लावायचा अधिकार कुणाला नाही.

दिवाळी झाली की चातुर्मास संपतो, संघ विहाराला निघतात आणि त्याच दिवसांत कारखान्यांची धुराडी पेटतात. ट्रॅक्टरमालकांनी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावावेत, संघाबरोबर चालणाऱ्या श्रावकांनी चमकणारी जाकिटं घालावीत. त्यांनी ते केलं नाही, तरी गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. या दिवसांत सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर रात्री गाडी काढणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे: दिव्याच्या उजेडाच्या आत गाडी थांबेल, एवढाच वेग ठेवा.