ज्याच्या कानावर घातलं त्याचं काय?

सेमाडोहवरून मेळघाटात आणखी आत गेलं की हरिसाल लागतं. तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 ला जीव दिला. वरिष्ठाच्या छळाबद्दल चिठ्ठी लिहून ठेवली, ती त्या वरिष्ठाच्याही वरच्या साहेबाच्या नावानं. आधी सांगूनही काही झालं नाही, असं तिच्यात होतं.

छळणारा वाईट, हे सांगायला पुस्तकं कशाला वाचायची? माझा सवाल दुसरा आहे. ज्याच्या कानावर घातलं, त्याचं काय? मी गिरणीत राबतो. जॉबरची शिवी साऱ्या खात्याले ऐकू येते, एकट्या साहेबाले येत नाही. (पगारवाढीचा विषय निघाला की त्याचे कान आणखीच बसतात.)

पण साहेबच कशाला? मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. धाग्याला तोंड लावावं लागे, म्हणून सवर्ण कामगाराला विटाळ व्हायचा. कामगारांचे पुढारी क्रांती बोलत, हे रोज बघत, आणि गप्प. 1928 च्या संपात ही मागणी बाबासाहेबांना त्यांच्याकडून रेटून घ्यावी लागली. ती गप्पाई मला मालकाच्या नफेखोरीपेक्षा जास्त झोंबते. मालकाकडून आपली आशाच नव्हती.

आता आपल्या युनियनमध्ये, आपल्या शाखेत पाहा. एखादी बाई आपल्याच कार्यकर्त्याची तक्रार घेऊन आली, तर ती ऐकायची कोणी, अन् जबाब किती दिवसांत द्यायचा, हे कुठं लिहून ठेवलंय का?