विवेकाची गोळी चुकवू नका



गेल्या गुरुवारी सत्संगाला आमच्यातल्या एक काकू चुंबकाचं कडं घालून आल्या. म्हणाल्या, "याने रक्त खेळतं राहतं, बीपीची गोळी बंद केली." आरतीला उभ्या राहिल्या आणि चक्कर येऊन खालीच बसल्या. प्रेशर फार चढलं होतं.

आपल्याला वाटतं, रक्तात लोह आहे, मग चुंबक ओढणारच. पण ते लोह खिळ्यासारखं नसतं, हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं. १९३६ मध्ये पॉलिंग आणि कोरिएल या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट अगदी किंचित दूर सारलं जातं. एमआरआयचं चुंबक कड्यापेक्षा कितीतरी जोरदार, तरी त्यातही रक्त आपल्या चालीनेच वाहतं.

सद्गुरूंनी दिलेला विवेक देव्हाऱ्यापुरता नाही, बरं का! नामावर ठेवली ती श्रद्धा, कड्यावर ठेवला तो भाबडेपणा. देह ही देवाची ठेव आहे, ती सांभाळणं हीसुद्धा सेवाच.

आज घरातल्या मोठ्यांना आपण एवढंच विचारूया, "गोळी घेतली का?" आणि पेसमेकर असेल त्यांनी चुंबक छातीजवळ नेऊच नये.

काकूंनी डॉक्टरांना दाखवून गोळी पुन्हा सुरू केली. नामस्मरण तर चालू आहेच.