शिळे

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या एका मुलाने धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर आम्हांला विचारले, "फादर, 'स्टेल' म्हणजे शिळेच ना?" आम्ही होकार दिला, पण घरी येऊन कोश उघडला तेव्हा आपण घाई केली असे वाटले.

आपला 'शिळा' हा शब्द संस्कृत 'शीतल'पासून आला. म्हणजे मुळात तो नुसता थंड. दोष त्याला मागाहून चिकटला. इंग्रजी शब्दाची कथा आणखी चमत्कारिक आहे. मध्ययुगात तो धान्याच्या मद्याविषयी, आणि तोही स्तुतीने वापरीत : पुष्कळ दिवस स्थिर राहून निवळलेले, मुरलेले. पुढे तोच शब्द पावाला लागला आणि निंदा झाला. आज तो विनोदाला, बातमीला, बंद खोलीतील हवेलाही लावतात. आपल्याकडे बातमी शिळी होते. हवा मात्र कोंदट होते.

शिळे म्हणजे नासके नव्हे, हेही लक्षात ठेवावे. पावातील पाणी उडाले नाही तरी तो शिळा होतो, आणि तापवला की पुन्हा मऊ होतो, असे बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले. पिठातील स्टार्चची रचना थंडपणी बदलते, एवढेच. खानदेशातील आयांना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. रात्रीची ज्वारीची भाकरी सकाळी कुस्करून, कांद्याची फोडणी देऊन आमची आई वाढी, तेव्हा ती आम्हांला शिळी कधी वाटलीच नाही. श्रावणात शीतला सप्तमीला अनेक हिंदू घरांतून आदल्या दिवशीचे अन्न खातात. चूल विसावते, आणि सारे घर एकाच पंक्तीला तेच खाते. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

मग 'शिळंपाकं' हा शब्द इतका का बोचतो? तो बहुधा दुसऱ्याला द्यावयाच्या अन्नाविषयीच उच्चारला जातो, म्हणून.

धुळ्याकडील एका धर्मग्रामात असताना दर रविवारी मिस्सानंतर एक म्हातारी दाराशी येई. स्वयंपाकीणबाई तिला आदल्या रात्रीची भाकरी देत, आणि आम्ही ते दानधर्मात जमा धरीत असू. एकदा तिने भाकरी हातात घेऊन, रागाने नव्हे, सहज विचारले, "फादर, तुम्हीबी हाईच खातस का?"

वेदीवरची भाकर नुकतीच केलेली असावी, असे ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मकायद्यातील ९२४ वे कलम सांगते. ते आम्ही सेमिनरीत शिकलो होतो आणि काटेकोरपणे पाळीत होतो. दाराशी कोणती भाकर द्यावी, याविषयी कलम आठवेना.

आम्ही काहीतरी पुटपुटलो. ती निघून गेली. त्या दुपारी ताटात गरम पोळी आली, आणि आम्ही ती खाल्ली.